नागपूर कुणाला मत देतं, आणि जवळपास निम्मं नागपूर का देत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वस्तीत आम्ही पाच-सहा जण दर निवडणुकीच्या आधी मतदार नोंदणीचे अर्ज भरून देतो. मतदानाच्या दिवशी फ्लॅट स्कीमच्या गेटपाशी टेबल टाकून यादीत नावं शोधून देतो. आमच्यापैकी कुणीही कुठल्या पक्षाचं काम करत नाही. इतक्या वर्षांत लोक आम्हाला तेच तेच प्रश्न विचारत आलेत. पानठेल्यावर राजकारणाचे प्रश्न असतात, टेबलावर अर्जांचे. दोन्ही इथे एकत्र लिहिले आहेत, कारण माझ्या मते ते एकाच गोष्टीचे आहेत.

नागपूर म्हणजे भाजपचा बालेकिल्ला, हे खरंच ना?

आज तसं म्हणता येतं. पण "पहिल्यापासून" असं कुणी म्हणालं, तर ते चूक आहे. लोकसभेचा इतिहास बघा. 1952 आणि 1957 ला काँग्रेसच्या अनसूयाबाई काळे निवडून आल्या. 1962 ला लोकनायक बापूजी अणे अपक्ष म्हणून जिंकले. स्वतंत्र विदर्भाचा आग्रह धरणारा हा माणूस आपल्या शहराने काँग्रेसला बाजूला सारून दिल्लीला पाठवला होता. 1971 ला इंदिरा लाटेत देश काँग्रेसकडे गेला, तेव्हा नागपूरने फॉरवर्ड ब्लॉकच्या जांबुवंतराव धोटेंना निवडलं. 1977 ला देशभर काँग्रेस पडली, तर नागपूरने काँग्रेसचे गेव्ह आवारी निवडून दिले. म्हणजे दोन्ही वेळा देश एकीकडे आणि नागपूर दुसरीकडे.

भाजपने नागपूरची लोकसभा पहिल्यांदा जिंकली ती 1996 ला, बनवारीलाल पुरोहितांच्या रूपाने. तेच पुरोहित 1984 आणि 1989 ला काँग्रेसकडून खासदार झाले होते. त्यानंतर 1998, 1999, 2004 आणि 2009 असे सलग चार वेळा काँग्रेसचे विलास मुत्तेमवार. संघाची स्थापना 1925 ला याच शहरात झाली, आणि संघ परिवारातल्या पक्षाला इथली लोकसभा जिंकायला सत्तर वर्षं लागली. बाहेरगावच्या पाहुण्यांना हे सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही.

2014 पासून नितीन गडकरी. त्यांचं मताधिक्य 2014 ला 2,84,848, 2019 ला 2,16,009 आणि 2024 ला 1,37,603. तीनही विजय मोठेच. पण आकडा दर वेळी उतरत गेलाय, हेही मांडून ठेवायला हवं. महानगरपालिकेत 2017 ला 151 पैकी 108 जागा भाजपच्या होत्या, काँग्रेसच्या 29 आणि बसपच्या 10. जानेवारी 2026 च्या निवडणुकीतही पालिका भाजपकडेच राहिली.

म्हणजे शहराचा कल सगळीकडे सारखाच?

अजिबात नाही. नागपूर लोकसभेत विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात: दक्षिण-पश्चिम, दक्षिण, पूर्व, मध्य, पश्चिम आणि उत्तर. प्रत्येकाची नाडी वेगळी. 2014 ला सहाही भाजपने घेतले. 2019 ला पश्चिम आणि उत्तर काँग्रेसकडे गेले, आणि 2024 ला राज्यभर महायुतीची लाट असताना ते दोन्ही काँग्रेसने राखले.

पूर्व नागपूर भाजपसाठी सगळ्यांत भक्कम. नंदनवन, वाठोडा, पारडी हा भाग. कृष्णा खोपडे 2009 ला सतीश चतुर्वेदींना हरवून आले आणि 2024 ला लाखाहून जास्त मतांनी जिंकले. दक्षिण-पश्चिम हा देवेंद्र फडणवीसांचा मतदारसंघ, 2024 चं मताधिक्य 39,710. पश्चिमला मात्र विकास ठाकरे सहा हजारांच्या आत निभावले. एका रस्त्याच्या अलीकडे एक पक्ष आणि पलीकडे दुसरा, असं या शहरात सहज घडतं.

मध्य नागपूरचं तर एक वेगळं पुस्तक होईल. एकाच मतदारसंघात महाल आहे, जिथे संघाचं मुख्यालय आहे, मोमिनपुरा आहे, आणि गोळीबार चौक, तांडापेठकडच्या विणकरांच्या वस्त्या आहेत. हलबा समाजाच्या अनुसूचित जमातीच्या प्रमाणपत्राचा प्रश्न कित्येक वर्षं तिथल्या प्रत्येक निवडणुकीत ऐरणीवर येतो. पक्ष कुठलाही असो, त्या भागात मत मागायला जाणाऱ्याला आधी त्याचं उत्तर द्यावं लागतं. विणकराच्या घरात बसून ऐकलं की कळतं, तिथे राजकारण म्हणजे नोकरी गमावलेला मुलगा आणि पेटीत जपून ठेवलेला वैधता प्रमाणपत्राचा कागद. त्याला "व्होट बँक" म्हणणं मला पटत नाही.

आंबेडकरी मतदार नेमके कुठे जातात?

उत्तर नागपूर हा अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघ. इंदोऱ्याचा परिसर त्यातच येतो. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्या दिवसाची आठवण सांगणारी घरं या भागात अजून आहेत. इथला मतदार विचार करून मत देतो आणि वेळ पडली तर बदलतोही. 2014 ला मतं वाटली गेली, बसप दुसऱ्या क्रमांकावर आली, काँग्रेसचे नितीन राऊत तिसऱ्या क्रमांकावर गेले आणि भाजपचे मिलिंद माने जिंकले. 2019 आणि 2024 ला राऊत परत आले. 2024 च्या लोकसभेला वंचित बहुजन आघाडीने नागपुरात काँग्रेस उमेदवाराला पाठिंबा दिला, आणि उत्तर नागपुरात काँग्रेस पुढे होती. मतांची गोळाबेरीज कशी होते, यावर इथला निकाल फिरतो. त्याच उत्तरेत जरीपटक्याचा सिंधी व्यापारी भागही आहे आणि तिथला कल वेगळा, हे विसरून चालत नाही.

वेगळ्या विदर्भाच्या नावावर आता मतं मिळतात का?

फार नाही. अणे आणि धोटे यांच्या काळात मिळत होती. नागपूर 1956 पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं, 1953 च्या नागपूर कराराच्या भरवशावर विदर्भ महाराष्ट्रात आला, आणि राजधानीपण जाऊन हिवाळी अधिवेशन उरलं. ही सल जुन्या पिढीच्या बोलण्यात आहे. बूथवर मात्र ती मागे पडलेली दिसते.

नागपुरात मतदान होतं तरी किती?

लोकसभेचं बघा. 2009 ला 43 टक्क्यांच्या आसपास. 2014 ला 57 टक्के. 2019 ला 55 टक्क्यांना थोडं कमी. 2024 ला 54 टक्क्यांच्या आसपास. 2024 ला जिल्हा प्रशासनाने "मिशन डिस्टिंक्शन" नावाची मोहीम काढली होती, लक्ष्य होतं 75 टक्के. पोस्टर लागले, शाळांच्या रॅल्या निघाल्या, कर्मचाऱ्यांनी मनापासून काम केलं. टक्का हलला नाही.

त्याच दिवशी, म्हणजे 19 एप्रिल 2024 ला, शेजारच्या गडचिरोली-चिमूर मतदारसंघात जवळपास 72 टक्के मतदान झालं. तिथे संवेदनशील भागांत मतदान दुपारी 3 ला संपतं. माणसं जंगलातून चालत बूथवर येतात. आपल्याकडे बूथ बहुतेकांच्या घरापासून दहा मिनिटांवर, आणि वेळ संध्याकाळी 6 पर्यंत.

पण एप्रिलचं ऊन बघा ना! उन्हामुळेच टक्का पडतो, नाही का?

ऊन खरंच आहे. नागपूरच्या एप्रिलमध्ये दुपारी एकला डोक्याला दुपट्टा बांधून, रुमालात कांदा ठेवून रांगेत उभं राहणाऱ्या काकूंना मी पाहिलंय. त्यांच्या पुढे हात जोडावेत असंच वाटतं. 12 ते 4 बूथ ओस पडतात, हेही खरं.

पण विधानसभेचं मतदान 2019 ला ऑक्टोबरमध्ये होतं आणि 2024 ला नोव्हेंबरमध्ये. तेव्हा कुठलं ऊन? तरीही शहरातला टक्का ग्रामीण जिल्ह्याच्या मागेच राहिला. काटोल, उमरेडचा शेतकरी हंगामाच्या धावपळीत मत देऊन गेला. तेव्हा सगळा दोष उन्हावर टाकून आपण मोकळं होऊ नये.

मग खरं कारण काय? नागपूरकरांना राजकारणात रसच नाही का?

रस नाही, असं कोण म्हणेल? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महालात, इतवारीत उभं राहून बघा. काळी आणि पिवळी मारबत निघते, मागून बडगे निघतात. महागाईचा बडगा, खड्ड्यांचा बडगा, पुढाऱ्यांचा बडगा, आणि हजारो लोक "घेऊन जा गे मारबत" म्हणत ओरडतात. इतकं राजकीय भान असलेला लोकोत्सव आपल्या शहराचा आहे, याचा मला अभिमान वाटतो. तर्री-पोह्याच्या गाडीवर सकाळी सातला उमेदवारांची कुंडली मांडली जाते.

रस आहे, पण यादी आणि माणूस यांची गाठ पडत नाही. टेबलावर बसून मला जे दिसतं ते सांगतो.

पहिली गोष्ट, नागपूरकर घरं बदलतो. इतवारी, गांधीबागेतलं वडिलोपार्जित घर विकून किंवा वाटण्या होऊन माणसं मनीषनगर, हुडकेश्वर, बेसाकडे गेली. नाव राहिलं जुन्या पत्त्यावर. मतदानाच्या दिवशी अर्धा तास गाडी चालवत जुन्या शाळेत जायचं, तिथे कळणार की बूथ बदललाय. किती जण दुसऱ्या शाळेत जातील? एक-दोन जण जातात. बाकीचे घरी परततात.

दुसरी गोष्ट, एकाच घरातली नावं विखुरलेली असतात. आमच्याच घरातलं सांगतो. एका निवडणुकीत माझं आणि बायकोचं नाव एका शाळेत, आणि आईचं नाव दीड किलोमीटर दूरच्या दुसऱ्या शाळेत होतं. पत्ता एकच, दरवाजा एकच. मी सकाळी साडेसातला आईला घेऊन आमच्या बूथवर गेलो. ती पाऊण तास रांगेत उभी राहिली. खोलीत गेल्यावर कर्मचाऱ्याने पट्टी लावून यादी वरून खाली तपासली, परत एकदा तपासली, आणि मान हलवली. आई काही बोलली नाही. बाहेर येऊन पायरीवर बसली आणि म्हणाली, "मी तर 1967 पासून देत आहे रे." आम्ही टेबलावर परत शोधलं तेव्हा नाव सापडलं, फक्त आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं आणि भाग क्रमांक वेगळा. ऑटो करून तिला तिकडे नेलं. तिने मत दिलं. पण जिच्यासोबत पोरगा नाही, ऑटोचे पैसे नाहीत, तिचं काय झालं असेल, हा विचार त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही. टेबल टाकायला मी त्यानंतरच लागलो.

तिसरी गोष्ट, आपली मुलं. नागपूरची शिकलेली पोरं पुणे, मुंबई, बंगळुरू, हैदराबादला आहेत. नावं इथे, माणसं तिकडे. मतदान मधल्या वारी आलं की एका दिवसासाठी येणं परवडत नाही.

आणि चौथी गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. यादीत मेलेल्यांची, स्थलांतरितांची, दोन-दोन ठिकाणी असलेल्यांची नावं पडून असतात. ती कधीच मत देणार नाहीत, पण टक्केवारी काढताना भागाकारात मोजली जातात. तेव्हा 54 टक्के म्हणजे 46 टक्के नागपूरकर घरी लोळत होते, असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे. काही लोळत होतेच. मोठी सुटी जोडून ताडोबा, पचमढीला गेलेलेही मला ठाऊक आहेत, आणि त्यांच्यावर माझा राग आहे. पण सगळ्यांना एका तागडीत तोलू नका.

टक्का वाढला तर फायदा कुणाचा होतो?

पानठेल्यावर याची ठाम उत्तरं मिळतात, पण आकडे तितके ठाम नाहीत. 2009 ते 2014 मध्ये टक्का जवळपास चौदा गुणांनी उडाला आणि जागा काँग्रेसकडून भाजपकडे गेली. त्यावरून "वाढीव मतदान म्हणजे बदल" असं म्हणतात. पण 2014 ते 2024 टक्का जवळजवळ तिथल्या तिथे राहिला, आणि तरी मताधिक्य निम्म्यावर आलं. म्हणजे किती जण आले यापेक्षा कोण आले आणि कुणाची मतं एकत्र झाली, याला जास्त वजन आहे.

उमेदवारांना हे पक्कं माहीत असतं. म्हणून शेवटच्या दोन तासांत प्रत्येक पक्षाचा कार्यकर्ता आपल्या हक्काच्या गल्लीतच फिरतो. सगळ्यांनी मत द्यावं म्हणून फिरणारं कुणी नसतं.

माझ्या एका मताने काय फरक पडतो? जिंकणारा तर लाखाने जिंकतो.

लोकसभेत वाटतं तसं. विधानसभेत बघा. 2019 ला दक्षिण नागपुरात मोहन मते 4,013 मतांनी जिंकले आणि मध्य नागपुरात विकास कुंभारे 4,008 मतांनी. एका मतदारसंघात तीनशेहून जास्त बूथ असतात. म्हणजे बूथमागे बारा-तेरा मतं. आमच्या एका फ्लॅट स्कीममधून त्या दिवशी जे आले नाहीत, ते त्याहून जास्त होते. 2009 ची लोकसभाही मुत्तेमवार 24,399 मतांनीच जिंकले होते.

आणि लाखाच्या मताधिक्याचंही ऐका. 2024 ला नागपूर लोकसभेत 22 लाखांहून जास्त मतदार होते, मत दिलं 12 लाखांच्या आसपास लोकांनी. घरी राहिलेले दहा लाख. मताधिक्य 1,37,603.

पदवीधर मतदारसंघाबद्दल एवढं का बोलतात? ते तर थोडेच मतदार असतात.

थोडे आहेत म्हणूनच. विधान परिषदेचा नागपूर विभाग पदवीधर मतदारसंघ कित्येक दशकं भाजप आणि त्याआधी जनसंघाच्या विचाराच्या माणसांकडे होता. गंगाधरराव फडणवीस, मग 1989 पासून 2014 पर्यंत नितीन गडकरी. डिसेंबर 2020 ला काँग्रेसचे अभिजित वंजारी तिथून जिंकले, आणि 2023 ला शिक्षक मतदारसंघही महाविकास आघाडीच्या पाठिंब्यावर सुधाकर अडबाले यांनी घेतला. शिकलेला नागपूरकर ठरल्या ठिकाणीच मत देतो, हा समज त्या दोन निकालांनी मोडला.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. पदवीधरांची यादी दर निवडणुकीला नव्याने तयार होते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेल, असं होत नाही. अर्ज 18 परत भरावा लागतो, पदवी 1 नोव्हेंबर या तारखेच्या तीन वर्षं आधीची हवी. डॉक्टर, वकील, प्राध्यापक दर वेळी मतदानाच्या दिवशी फोन करतात, "अरे, माझं नाव कसं नाही?" तोपर्यंत काहीच करता येत नाही.

महानगरपालिकेला चार बटणं का दाबावी लागतात?

कारण आपले प्रभाग चार सदस्यांचे आहेत. 38 प्रभाग, 151 नगरसेवक: 37 प्रभागांत चार-चार, फक्त एकात तीन. अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी एक मत. चारही मतं नोंदवल्याशिवाय तुमचं मतदान पूर्ण होत नाही. एखाद्या जागेवर कुणीच पसंत नसेल तर तिथे नोटा, म्हणजे "यांपैकी कुणीही नाही" हे बटण दाबा.

पालिकेची मुदत मार्च 2022 ला संपली आणि पुढची निवडणूक 15 जानेवारी 2026 ला झाली. जवळपास चार वर्षं शहरात एकही नगरसेवक नव्हता. नाली तुंबली, पाणी आलं नाही, तर कुणाच्या दारात जायचं हे लोकांना कळत नव्हतं. आमच्या वस्तीतल्या एका ताईंनी रस्त्यावरच्या एका दिव्यासाठी झोन कार्यालयाच्या सात खेपा केल्या. नगरसेवक असता तर एका फोनचं काम होतं. मला वाटतं, या चार वर्षांबद्दल नागपूरने जेवढा आवाज करायला हवा होता तेवढा केला नाही.

आणखी एक ध्यानात ठेवा. पालिकेची यादी म्हणजे विधानसभेचीच यादी, एका ठरावीक तारखेची, प्रभागांप्रमाणे फोडलेली. 2026 साठी ती तारीख 1 जुलै 2025 होती. त्यानंतर नाव नोंदवलेल्या पोरांना ओळखपत्र हातात असूनही मत देता आलं नाही.

मी बेसाला राहतो. नागपूरच्या कुठल्या मतदारसंघात येतो?

कुठल्याच नाही. विधानसभेला कामठी, लोकसभेला रामटेक. नागपूर महानगरपालिकेलाही तुमचं मत नाही. वाडीचंही तसंच, फक्त विधानसभा हिंगणा. या भागातले नवे रहिवासी मनाने नागपूरकर असतात, जुन्या शहरातल्या पत्त्यावरच नाव ठेवतात. मग राहायला एकीकडे, मत दुसरीकडे, आणि घरासमोरच्या रस्त्याबद्दल विचारायला कुणी नाही. तुम्ही आज जिथे राहता तिथे नाव आणा.

ओळखपत्र आहे पण यादीत नाव नाही. मत देता येईल?

नाही. सगळ्यांत जास्त गैरसमज याचाच आहे. मत यादीतल्या नावावर मिळतं, कार्डावर नाही. उलट यादीत नाव असेल आणि कार्ड हरवलं असेल, तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँक पासबुक यांपैकी काहीही चालतं.

नवं नाव घालायला अर्ज 6. पत्ता बदल, नावातली चूक, कार्ड बदलून घेणं, या सगळ्यांना अर्ज 8. नाव काढायला अर्ज 7. आयोगाच्या मतदार पोर्टलवर किंवा अ‍ॅपवर भरता येतात, नाहीतर आपल्या भागाच्या बीएलओकडे, म्हणजे बूथची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे द्या. मदतीला 1950 हा क्रमांक आहे. वर्षातून चार तारखांना 18 पूर्ण होणाऱ्यांची नोंद होते: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. 17 पूर्ण झाले की आगाऊ अर्जही भरता येतो. बारावीतल्या पोरांच्या आईवडिलांना माझं सांगणं आहे, कॉलेजच्या प्रवेशाचे कागद काढाल त्याच दिवशी हेही काम उरकून घ्या.

निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करू नका. उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या तारखेच्या साधारण दहा दिवस आधी दार बंद होतं.

बूथवर गेलो तर कळलं, माझ्या नावावर कुणीतरी आधीच मत देऊन गेलंय. आता?

परत फिरू नका आणि भांडूही नका. केंद्राध्यक्षांना सांगा की मला प्रदत्त मत द्यायचं आहे. तुमची ओळख पटली की छापील मतपत्रिका मिळते. ती यंत्रात जात नाही, वेगळ्या पाकिटात सीलबंद होते, आणि नेहमीच्या मोजणीत धरली जात नाही. "मग काय उपयोग?" असं लोक विचारतात. उपयोग आहे. गैरप्रकाराची अधिकृत नोंद होते, आणि अटीतटीचा निकाल कोर्टात गेला तर हीच पाकिटं उघडली जातात.

आजी 87 वर्षांच्या आहेत, जिना उतरत नाहीत.

85 च्या वरच्यांना आणि 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना लोकसभा, विधानसभेला घरून मत देता येतं. त्यासाठी अर्ज 12-ड अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत बीएलओकडे द्यावा लागतो. एकदा घरून मतदान मान्य झालं की बूथवर मत देता येत नाही. पथक घरी येतं, पुठ्ठ्याचा आडोसा उभा करतं, आजी मतपत्रिकेवर खूण करून पाकीट बंद करते. मी एकदा पाहिलंय. आजींनी त्या दिवशी नवं लुगडं नेसलं होतं.

कंपनी सुटी देत नाही.

मतदानाच्या दिवशी मतदार असलेल्या कामगाराला पगारी सुटी देणं कायद्याने बंधनकारक आहे, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 135-ब. रोजंदारीवरच्यांनाही ते लागू आहे. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या ताई, वॉचमन भाऊ, यांनाही त्या दिवशी आठवणीने सोडा.

नोटा दाबून काही होतं का?

2013 पासून सोय आहे. नोटाला कितीही मतं पडली तरी लोकसभा, विधानसभेला सगळ्यांत जास्त मतांचा उमेदवारच जिंकतो. राग नोंदवायचा असेल तर दाबा. घरी बसण्यापेक्षा ते कधीही बरं.

मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याचं नाव इथेच ठेवू का?

तो तिथे राहतो तर नाव तिथेच हवं. नोकरीसाठी बाहेरगावी असलेल्यांना दुरून मत देण्याची सोय आज नाही. अर्ज 8 भरला की नाव हलतं, इथलं आपोआप निघतं. आईवडिलांना वाटतं, यादीतून नाव गेलं म्हणजे पोरगा घरातून गेला. मला कळतं ते. पण दहा वर्षं न दिलेलं मत इथे जपून ठेवण्यापेक्षा त्याला ते पुण्यात देऊ द्या.

घरातलं माणूस वारलं, पण यादीत नाव अजून येतं. काढणं गरजेचं आहे का?

हो. बोगस मतदानाला वाव राहतो आणि टक्काही खोटा दिसतो. अर्ज 7 भरा, मृत्यूचा दाखला जोडा. अर्ज करणारा त्याच मतदारसंघातला मतदार असला पाहिजे. कागदावर दिला असेल तर पोच घेतल्याशिवाय हलू नका.

माझ्या वडिलांचं नाव ते गेल्यावर दोन निवडणुका यादीत होतं. त्यांच्या नावाची मतदार चिठ्ठी घरी आली, ती आईने देवघरात ठेवली. अर्ज भरायचा विषय काढला की ती उठून स्वयंपाकघरात जायची. शेवटी तिसऱ्या खेपेला तिनेच दाखल्याची झेरॉक्स काढून आणून माझ्यासमोर ठेवली. मी अर्ज भरला, तिने तो दोनदा वाचून घेतला, आणि म्हणाली, "माझा फोटो जुना आहे त्यात. तोही बदलून घे."